टावीची कुळकथा

हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप उतारवयात कॅल्शियम साचून ताठ होते आणि तिचे तोंड आकसते. छाती उघडून ती बदलण्याची शस्त्रक्रिया १९६० च्या दशकात रुळली. पण ज्यांचे हृदय आधीच दुबळे, रक्तवाहिन्या चोंदलेल्या आणि मूत्रपिंडे वा फुप्फुसेही अधू, त्यांना ती झेपत नसे. अशा रुग्णांसाठीच टावी, म्हणजे नळीवाटे झडप बसवण्याचे तंत्र, जन्माला आले.

त्याचे मूळ जर्मनीतील एबर्सवाल्डे गावी सापडते. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून बारीक नळी ६५ सेंटिमीटर आत सरकवली आणि तशा अवस्थेत एक्स-रे विभागापर्यंत चालत जाऊन ती हृदयात पोहोचल्याचा पुरावा मिळवला. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी नळीच्या टोकावरील फुग्याने हृदयाची अरुंद धमनी रुंद केली. १९८५ मध्ये फ्रान्सच्या रुआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी फुग्याने आकसलेली महाधमनी झडपच उघडली. पण बहुतेकांत ती काही महिन्यांतच पुन्हा आवळली जाई. उघडलेले तोंड उघडेच राहावे, यासाठी आतून आधार हवा होता. डेन्मार्कच्या हेनिंग रूड आंदेर्सन यांनी तारेच्या जाळीत डुकराची झडप शिवली, ती फुग्यावर चेपून बसवली आणि १९८९ मध्ये जिवंत डुकराच्या शरीरात रोवली.

माणसात अशी महाधमनी झडप प्रथम बसवली क्रिबिए यांनी, १६ एप्रिल २००२ रोजी. रुग्ण ५७ वर्षांचा होता. त्याचे हृदय जेमतेम चालत होते आणि शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेस नकार दिला होता. पायांकडच्या धमन्याही बंद असल्याने त्या वाटेने जाता येईना. म्हणून जांघेतील शिरेतून नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेली, मधला पडदा भेदून डावीकडे आणली आणि तेथून झडपेपर्यंत पोहोचवली. फुगा फुगताच जाळी घट्ट बसली, रक्तप्रवाह सुधारला. सुमारे चार महिन्यांनी रुग्ण दगावला, तो हृदयाबाहेरील गुंतागुंतीमुळे.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर चाचणीत शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या ३५८ रुग्णांचा अभ्यास होता. वर्षभरात नेहमीच्या उपचारांवरील ५०.७ टक्के रुग्ण दगावले. टावी झालेल्यांत हे प्रमाण ३०.७ टक्के होते. पुढे कमी जोखमीच्या रुग्णांनाही ही वाट खुली झाली.

आता चोंदलेल्या धमनीत स्टेंट बसवणे आणि गळक्या मायट्रल झडपेला क्लिप लावणे हेही नळीवाटेच होते. एकाच रुग्णात हे सारे विकार असतील, तर कोणता आधी हाताळायचा आणि कोणता थांबू शकतो, हे हृदयरोगतज्ज्ञ, शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात.