अंथरुणाचा वार

४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यापूर्वी सुमारे चार वर्षे, २ फेब्रुवारी १९५५ रोजी, भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला होता. वर्षाला दहा लक्ष टन पोलाद हे त्याचे आरंभीचे उद्दिष्ट होते. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, कारण तो कोनशिलांवर कोरला जातो. पण नव्या गावात माणसे राहावयास येतात तेव्हा एक दुसराही इतिहास चालू होतो, आणि त्याची नोंद होत नाही. चूल कशी पेटली, पाणी कोठून आले, आणि रात्री अंगाखाली घातलेली चादर किती दिवसांनी धुतली गेली, याची कोनशिला कोणी बसवीत नाही.

चादर किती दिवसांनी धुवावी आणि अंग पुसण्याचा टॉवेल किती दिवस वापरावा, हा प्रश्न दिसावयास घरगुती आहे. परंतु त्याचे उत्तर काळाकाळाने बदलत आले आहे, आणि ते का बदलले हे पाहू लागले म्हणजे पाणी, मजुरी, जात, रोगराई आणि सुट्टीचा दिवस अशा कितीतरी गोष्टी त्या एका चादरीच्या घडीतून बाहेर पडतात.

भिलाईचा मुलूख मराठी माणसाला परका नव्हता. १७५८ ते १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी १९५६ पर्यंत नागपूर आणि दुर्ग हे जिल्हे एकाच प्रांतात नांदत होते. राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्यप्रदेशात राहिला, आणि १ नोव्हेंबर २००० पासून तो छत्तीसगड राज्यात आला. नागपूर-भंडाऱ्याकडून नोकरीसाठी जी कुटुंबे भिलाईस आली त्यांच्या वळकटीत गोधडी होती, आणि शेजारच्या छत्तीसगडी घरात तिच्याच जातीची कथरी होती. जुन्या लुगड्याधोतरांचे थर टाके घालून एकत्र शिवावयाचे, ही विद्या दोघींची एकच.

आता ही गोधडी किती वेळा धुतली जाई? महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत तिचा दिवस ठरलेला होता. भाद्रपद सरत आला, घटस्थापना तोंडावर आली, की घरातील यच्चयावत अंथरुणे-पांघरुणे नदीवर जात. वाहते पाणी, मोठे दगड, आणि काठावर पसरलेल्या रंगीबेरंगी वाकळा हे दृश्य आजही अनेक गावांत दिसते. याला केवळ धार्मिक रूढी म्हणून चालणार नाही. चार महिन्यांच्या ओलीने कुबट झालेले कापड धुवावयास त्याहून चांगला काळ नाही. नदीला भरपूर पाणी असते, ऊन कडक झालेले असते, आणि थंडी अजून दूर असते. पाण्याने भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही, आणि ती वाळेपर्यंत पांघरावयास दुसरी नसते. अशा वस्तूचे धुणे वर्षातून एकदा-दोनदा व्हावे, एरवी तिला ऊन दाखवावे, यात आळस नव्हता, हिशेब होता.

मात्र त्याच समाजात रोज धुतले जाणारे वस्त्रही होते. सोवळ्याचे वस्त्र दररोज पाण्यातून काढावयाचे, कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून उंच दांडीवर काठीने वाळत घालावयाचे, हा नित्यक्रम होता. म्हणजे देवाजवळ घटकाभर नेसावयाचे वस्त्र रोज धुवावयाचे, आणि ज्यावर माणूस रात्रीचे सात तास घाम गाळतो ते अंथरूण मात्र सणाची वाट पाहणार. पावित्र्य आणि स्वच्छता यांचे मार्ग जुन्या घरात निराळे होते. विटाळ, सुतक, सुवेर यांत अंथरूणही धुतले जाई, परंतु त्याचे कारण मळ नसून स्पर्श हे असे.

टॉवेलाची कथा याहून वेगळी आहे. आपला जुना पंचा पातळ विणीचा. अंग पुसले, तिथल्या तिथे खळबळून पिळला, दोरीवर टाकला, की तासाभरात वाळला. त्याचे धुणे आंघोळीतच अंतर्भूत होते, म्हणून ‘पंचा किती दिवसांनी धुवावा’ हा प्रश्नच कोणाला पडला नाही. फाशांच्या विणीचा जाड टॉवेल तुर्कस्तानातून इंग्लंडात गेला आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लोकांपुढे आला. पुढे आपल्या सोलापूरच्या मागांनी चादरीबरोबर या टॉवेलातही असे नाव कमावले की दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले. या टॉवेलाचे फासे पाणी चांगले टिपतात, आणि टिपलेले पाणी धरूनही ठेवतात. दमट हवेत तो दिवसभर ओलसर राहतो आणि त्याला वास येऊ लागतो. कापड बदलले, पण पंच्याची सवय मात्र टॉवेलाबरोबर आली नाही. तो पिळलाही जाईना आणि धुतलाही जाईना. प्रश्न तेथून सुरू झाला.

चांगल्या घरची चादर, पलंगपोस आणि उशीचे अभ्रे परटाकडे जात. परीट हा गावाचा बलुतेदार. त्याला धुण्याचे पैसे कपड्यागणिक मिळत नसत, सुगीला धान्य मिळे. त्याची रीत पाहण्याजोगी होती. कपडे पापडखाराच्या पाण्यात भिजवावयाचे, रात्री भट्टीवर रचून वाफेत शिजवावयाचे, पहाटे घाटावर नेऊन दगडावर आपटावयाचे, निळीचे पाणी द्यावयाचे आणि उन्हात टाकावयाचे. जंतू हा शब्द त्याने ऐकला नव्हता, पण उकळत्या वाफेतून काढलेल्या कापडात ते जगत नाहीत, एवढे काम त्याच्या भट्टीने नकळत करून ठेवले होते. अशा ज्ञानी कारागिराला समाजाने काय दिले? दुसऱ्याचा मळ हाताळतो म्हणून त्याला खालची पायरी दिली. आणि त्याच उतरंडीच्या नियमाने अस्पृश्य मानलेल्यांचे कपडे धुण्याची त्यालाही मनाई झाली. मळवणारा श्रेष्ठ आणि धुणारा कनिष्ठ असा हा उफराटा न्याय होता. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परटाच्या घरी जन्मलेल्या डेबूजीने पुढे हाती खराटा घेतला, आणि गाडगे महाराज म्हणून सगळ्या महाराष्ट्राला स्वच्छतेचा धडा दिला. त्या न्यायाला याहून चोख उत्तर मिळालेले नाही.

अंथरुणाकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहण्याची सुरुवात युद्धाच्या रुग्णालयात झाली. १८५४ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीस पोहोचल्या. त्यांनी जवळच एक घर घेऊन त्यात पाणी तापविण्याचे बंब बसविले आणि शिपायांच्या बायकांना कपडे धुण्याच्या कामावर नेमले. पुढे शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात त्यांनी अंथरुणासाठी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. निरोगी माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून दिवसरात्रीत दीड लिटरहून अधिक ओल बाहेर पडते, आणि तिचा मोठा वाटा अंथरुणात मुरतो, हा त्यांचा मुद्दा होता. अंथरूण हे रिकामे असतानाही रिकामे नसते, हे त्यांनी जगाला दाखविले.

आपल्याकडे हा धडा फार क्रूर रीतीने आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढील वर्षी मुंबई-पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या, आजाऱ्यांना हलविले गेले, आणि त्यांची अंथरुणे-पांघरुणे जाळली गेली. उंदरावरील पिसू हा रोग पसरविते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. तोवर सरकारचा सारा राग चिंध्यांवर होता. सरकारी कागदावर ‘दूषित कापड’ एवढेच लिहिले जाई. गरिबाच्या घरी मात्र ती त्याची एकुलती एक वाकळ असे. जळालेल्या वाकळेच्या जागी दुसरी कोठून येणार, हा विचार त्या कागदात नव्हता. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे सांगणाऱ्या भाषेत अंथरूण ही ऐपतीची खूण आहे. ज्याच्याजवळ दुसरी चादर नाही तो पहिली धुणार केव्हा? किती वेळा धुवावे या प्रश्नाच्या आधी, किती चादरी आहेत हा प्रश्न उभा असतो.

त्याच्याही आधी एक प्रश्न आहे. धुवावयास वेळ आहे काय? मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत अनेक गडी राहत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. तेथे अंथरूण थंड होण्याचीच पंचाईत, तर वाळणार कधी! या कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झटले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. हा दिवस हक्काचा झाला तेव्हा कोठे आठवडा हे माप मजुराच्या घरात शिरले. सात वर्षांनी, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असता लोखंड्यांना त्याच रोगाने नेले. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले तशाच सेवेत गेल्या. आजाऱ्याच्या अंथरुणाजवळ जाण्याची हिंमत ज्यांनी केली त्यांची ही नावे स्वच्छतेच्या इतिहासात पहिल्या ओळीत असावयास हवीत.

या पार्श्वभूमीवर भिलाईकडे पाहावे. येथे कुटुंबाला स्वतंत्र क्वार्टर मिळाले. सेक्टरांची आखणी झाली. तांदुला जलाशयाच्या पाण्यावर कारखाना आणि नगर दोन्ही पोसली गेली, आणि नदीवर जाणारे धुणे घरच्या नळाखाली आले. कामगाराजवळ महिन्याचा पगार होता, म्हणून पेटीत दुसरी चादर होती. साप्ताहिक सुट्टीही होती. पण झोतभट्टी रविवार पाळीत नाही. कोकची भट्टी आणि लोखंडाची भट्टी अहोरात्र पेटती ठेवावी लागते, म्हणून पाळ्या तीन आणि सुट्टीचे वार प्रत्येकाचे निराळे. एका घरचा अंथरुणाचा वार मंगळवार, तर शेजारच्या घरचा शुक्रवार. घटस्थापनेची वर्षातून एकदा येणारी तिथी अशी सात वारांत वाटली गेली. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो तेव्हा चादर दोरीवर टाकून वळेपर्यंत सुकते, आणि आषाढात तीच चादर दोन दिवस घरभर लोंबत राहते. एवढा निसर्गाचा अधिकार मात्र कायम राहिला.

साबणाच्या इतिहासानेही हातभार लावला. १८८८ मध्ये सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्यास उतरल्या होत्या. भिलाईची भट्टी पेटली त्याच १९५९ साली सर्फची भुकटी भारतात आली, आणि १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी निरमा काढून ती गरिबाच्या बादलीपर्यंत पोहोचविली. परटाची भट्टी मागे पडली. धुणे सोपे झाले खरे, पण ते कोणाच्या हाती आले? बहुतेक घरी पुरुषाच्या सुट्टीच्या दिवशी बाईचे काम दुप्पट झाले. लोखंड्यांनी मिळविलेला विसावा चादर पिळणाऱ्या हातांपर्यंत पुरता पोहोचला नाही. आणि जेथे नळ नव्हता, एका हापशावर रांग होती, तेथे आठवड्याचे माप कोणी सांगितले तरी ते पाळणे शक्य नव्हते.

विज्ञानाने आठवड्याच्या या मापाला पुढे दुजोरा दिला. १९६४ मध्ये हॉलंडच्या लायडन येथील फोरहोर्स्ट, स्पीक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातील धुळीने होणाऱ्या दम्याचा संबंध डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कोळीवर्गी किड्याशी जोडला. माणसाच्या त्वचेचा झडलेला कोंडा हे त्याचे अन्न, आणि अंथरूण हे त्याचे घर. १९९२ मध्ये असे दिसून आले की पंचावन्न अंश किंवा त्याहून गरम पाण्यात हे किडे मरतात. थंड पाण्यात ते बरेचसे तगतात, परंतु दमा चाळविणारा त्यांचा अंश मात्र धुतला जातो. म्हणून चादर आणि अभ्रे आठवड्यातून एकदा धुवावेत. टॉवेल तीन-चार वेळा वापरल्यावर धुवावा, आणि मध्यंतरी पुरता वाळू द्यावा. आजाऱ्याचे कापड निराळे ठेवून गरम पाण्यातून काढावे. गादी आणि गोधडी यांना वरचेवर कडक ऊन द्यावे. परटाची भट्टी आणि आजीची उन्हाची शिस्त, दोन्हींना प्रयोगशाळेने असे उशिरा प्रशस्तिपत्र दिले.

मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग भिलाईवरूनच जातो. त्या वाटेच्या वातानुकूलित डब्यात मिळणाऱ्या पांघरुणाविषयी २०२४ च्या नोव्हेंबरात लोकसभेत प्रश्न आला, तेव्हा रेल्वेमंत्र्यांनी सांगितले की घोंगड्या महिन्यातून किमान एकदा धुतल्या जातात, आणि घोंगडीला आवरण म्हणून एक जादा चादर दिली जाते. जड वस्तू वारंवार धुता येत नाही, म्हणून तिच्यावर धुता येईल असे हलके कापड घालावयाचे. गोधडीवर जुने लुगडे अंथरणाऱ्या बाईला हे तत्त्व ठाऊक होते.

वर्ष, महिना, आठवडा असे हे माप लहान होत आले आहे. ते उपदेशाने लहान झाले नाही. घरात पाणी आले, पेटीत दुसरी चादर आली, आणि हाताला सुट्टीचा एक वार मिळाला, तेव्हा ते लहान झाले. ज्या घरात या तीन गोष्टी आहेत तेथे चादर किती दिवसांनी धुवावी हे सांगावयास पुरे आहे. ज्या घरात त्या नाहीत, तेथे आधी नळ पोहोचावयास हवा.