संगणकांतील चित्रशक्ति : वेगळी चूल आणि एकत्र कुटुंब

संगणकाच्या पडद्यावर हलणारें चित्र हें वस्तुतः गणित असतें. ठिपक्याठिपक्याचा रंग व प्रकाश मोजावयाचा आणि हें एका सेकंदांत साठ साठ वेळां करावयाचें, असा हा व्यवहार आहे. आजच्या सामान्य पडद्यावरील एका चित्रांत २० लक्ष ७३ हजार ६०० ठिपके असतात. हें ओझें वाहण्यासाठीं निराळें यंत्र ठेवावें, कीं मुख्य प्रोसेसरच्याच घरांत त्याची सोय लावावी, ह्या प्रश्नाला गेल्या तीस वर्षांत दोन उत्तरें मिळालीं. एक वेगळ्या चुलीचें, दुसरें एकत्र कुटुंबाचें.

वेगळ्या चुलीचा ठळक नमुना म्हणजे अमेरिकेंतील एनव्हिडिया कंपनीनें नोव्हेंबर २००६ मध्यें बाजारांत आणलेलें जीफोर्स ८८०० जीटीएक्स हें डेस्कटॉप संगणकाचें ग्राफिक्स कार्ड. लांबी साडेदहा इंच, मूल्य ५९९ डॉलर, आणि वीज पुरविण्यासाठीं एक नव्हे, दोन जादा तारा! त्याच्या चिपवर ६८ कोटि १० लक्ष ट्रान्झिस्टर होते व लहान लहान गणक होते १२८. डेस्कटॉपच्या कार्डांत तोंवर आकृतीचे कोन मोजणारे गणक निराळे आणि रंग मोजणारे निराळे, अशी जणुं जातवार वांटणी असे. एक गट राबत असतांना दुसरा हात बांधून बसे. ह्या कार्डानें ती वांटणी मोडली आणि कोणत्याहि गणकाला कोणतेंहि काम दिलें. चित्राखेरीज इतर गणितेंहि ह्याच गणकांकडून करवून घेण्याची कूडा नांवाची योजना त्याच्याबरोबरच जाहीर झाली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो गाजावाजा चालला आहे, त्याचें एक मूळ येथें सांपडतें.

परंतु कार्डाची खरी श्रीमंती होती ती स्मृतीची. चिपभोंवतीं बारा स्मृतिखंड मांडलेले, मिळून ७६८ मेगाबाइट. त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता ३८४ बिट रुंदीचा. त्यावरून सेकंदाला ८६.४ अब्ज बाइट ये-जा करूं शकत. हें सारें कोठार एकट्या चित्राच्या मालकीचें. त्यांत दुसऱ्या कोणाचा वांटा नाहीं.

एकत्र कुटुंबाची कथा अधिक साधी आहे. इंटेल कंपनीनें १९९८ सालीं स्वतंत्र चित्रचिप काढून पाहिली. तिला फारसें यश आलें नाहीं. पुढच्याच वर्षीं ८१० नांवाच्या चिपसंचांत चित्राची व्यवस्था आली, आणि २०११ च्या आरंभीं तर ती प्रोसेसरच्याच सिलिकॉन-तुकड्यावर नांदूं लागली. पातळ लॅपटॉपला दुसरा मार्गहि नव्हता. बॅटरी मोजकी, जागा मोजकी. तेथें वेगळी चूल परवडणार कशी?

सप्टेंबर २०२० मध्यें इंटेलनें आयरिस एक्सई ही अंगभूत चित्रव्यवस्था पुढें आणली, आणि तुलना करण्याजोगा प्रतिस्पर्धी उभा राहिला. जुनें कार्ड सेकंदाला, मोजण्याच्या रीतीप्रमाणें, पस्तीस ते पन्नास हजार कोटि गणितें करी. आयरिसचा पूर्ण नमुना सुमारें दोन लक्ष कोटि करतो. म्हणजे चौपट ते सहापट. येथेंच पुष्कळ लोक तुलना थांबवितात, आणि तीच चूक आहे. आयरिसला स्वतःचें कोठार नाहीं. लॅपटॉपची जी स्मृति, तींतूनच प्रोसेसरनेंहि घ्यावयाचें आणि चित्रानेंहि. उत्तम प्रतीची स्मृति असली तरी रस्ता सेकंदाला ६८ अब्ज बाइटांचा; नेहमींच्या डीडीआर४-३२०० च्या दोन पट्ट्या असल्यास ५१.२ अब्जांचा. चौदा वर्षांपूर्वींच्या कार्डाहून हा रस्ता अरुंदच! पदरचे ३.८ मेगाबाइट जवळ बाळगून आयरिस कोठाराकडील फेऱ्या वांचविते, हें तिचें चातुर्य खरें. तरीहि गणिताची सहापट चित्रांत सहापट होऊन उतरत नाहीं.

त्यांतून लॅपटॉपांत पट्टी एकच बसविलेली असली तर रस्ता निम्म्यावर, २५.६ अब्जांवर येतो. अशा यंत्राला इंटेल आयरिस एक्सई हें नांवहि लावूं देत नाहीं, तें यूएचडी म्हणून दाखविलें जातें. घरांत लॅपटॉप घेणारानें प्रोसेसरच्या नांवापेक्षां ही एक गोष्ट आधीं विचारावी.

तर मग जुना डेस्कटॉप तसाच चालवावा काय? विजेचा हिशेब तसें सांगत नाहीं. पूर्ण भारावर हें कार्ड सुमारें १५० वॅट खातें. रोज चार तास म्हटले तर महिन्याला १८ युनिट, आणि हीं एकट्या कार्डाचीं. आयरिसच्या चिपची मर्यादा प्रोसेसरसकट २८ वॅटपर्यंत. तितक्याच वेळांत साडेतीन युनिटांच्या आंत. शिवाय आजचे चित्रपट ज्या संकेतांत बांधलेले असतात ते सोडविण्याची पुरी सोय जुन्या कार्डांत नाहीं. तो भार प्रोसेसरवर पडतो. विंडोजसाठीं त्याची शेवटची चालक-प्रणाली २०१६ च्या अखेरीस निघाली. त्यानंतर त्याची चाकरी संपलीच म्हणावयाची.

रस्त्याची अडचण मात्र सामाईक कोठारामुळेंच अटळ होती असें नाहीं. ऑक्टोबर २०२१ मध्यें ॲपल कंपनीनें एम१ मॅक्स ही चिप लॅपटॉपांत घातली. तिचीहि स्मृति सामाईकच, पण रस्ता ५१२ बिट रुंदीचा केलेला. त्यावरून सेकंदाला ४०० अब्ज बाइट जातात. किंमत अर्थात् सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेरची होती.