वाशिमच्या बागेचे कूळ

वाशिमला मोठी नदी नाही. शहर पाणलोटाच्या उंचवट्यावर बसले आहे. याच जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे उतरून पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीला जाते. अडाण पैनगंगेला मिळते आणि तिचे पाणी अखेर गोदावरीचे होते. काळ्या दगडाच्या या पठारावर पडलेला पाऊस दोन्ही अंगांनी निघून जातो. इथे गाव वसवायचे तर पाणी अडवण्यावाचून, बांधून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. पंढरपूर-पैठणला माणसे नदीच्या घाटावर जमली; वाशिमला ती तळ्याच्या काठी जमली. शहरातल्या सार्वजनिक बागांचा नीट उपयोग कसा करायचा, हा प्रश्न आज निघतो तेव्हा चर्चा कारंजे, खेळणी आणि रंगरंगोटीपासून सुरू होते. मला वाटते ती या तळ्यांपासून सुरू व्हायला हवी, कारण वाशिमच्या बागेचे मूळ घराणे तिथे आहे.

वाशिम म्हणजे वत्सगुल्म. वाकाटकांच्या दोन शाखांपैकी एकीची राजधानी. १९३९ साली इथेच दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट सापडले आणि त्या शाखेचा इतिहास उजेडात आला. याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले, हे पुष्कळांना ठाऊक असते. शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा कवी होता, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही. पुढच्या काव्यशास्त्रकारांनी दिलेल्या उताऱ्यांवरून आणि उल्लेखांवरूनच ते कळते. त्याचा विषय होता पारिजातहरण. सत्यभामेचा रुसवा काढण्यासाठी कृष्ण इंद्राच्या नंदनवनातला पारिजात जिंकून पृथ्वीवर आणतो, ती कथा. स्वर्गातल्या राजाच्या राखीव बागेतले झाड माणसांच्या अंगणात आणून लावण्याची गोष्ट वत्सगुल्माच्या पहिल्या राजाला काव्याचा विषय करावीशी वाटली, याचे मला फार अप्रूप वाटते.

पुढे काही शतकांनी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावून दिला तो याच नगरीत, आणि नगरीचे वर्णन केले ते कामदेवाचे क्रीडास्थान म्हणून. ‘कामसूत्रा’तही वत्सगुल्माचा उल्लेख येतो. त्या ग्रंथातला नागरक घराला लागून वृक्षवाटिका राखतो, आणि ठरल्या दिवशी सकाळीच नटूनथटून मंडळींसह गावाबाहेरच्या उद्यानात जातो, दिवसभर खेळ-गाणी करून संध्याकाळी परततो. उद्यानयात्रा ही तेव्हाच्या शहरी माणसाच्या जगण्यातली नेमाची गोष्ट होती. अर्थात ती पैसेवाल्यांची चैन होती. सर्वांची जागा वेगळी होती, आणि ती पाण्याजवळ होती.

आपल्या धर्मशास्त्राने ‘पूर्त’ नावाचा पुण्याचा एक वर्ग सांगितला. विहीर, बारव, तलाव, देऊळ, अन्नदान आणि आराम, म्हणजे बाग, ही सगळी एकाच वर्गात मोडतात. यज्ञ स्वतःसाठी, पूर्त येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी. इथे तलाव आणि बाग वेगळे मानलेले नाहीत. तळे खोदले की काठावर झाडे लावायची, झाडाखाली पार बांधायचा, पाराशेजारी देऊळ उभे राहायचे आणि देवळामुळे तिथे माणूस रोज यायचा. या रचनेत बागेला वेगळा माळी आणि वेगळा पहारेकरी लागत नव्हता. रोजच्या येण्याजाण्यातून ती राखली जात होती. अर्थात जातीच्या भिंती होत्या. ‘सर्वांसाठी’ म्हटलेले पाणी सर्वांना शिवता येत नव्हते, आणि ती भिंत पाडण्यासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. सार्वजनिक जागेचा मागोवा घेताना चवदार तळे वगळून पुढे जाता येत नाही. जागा सार्वजनिक ठरते ती नुसत्या नावाने नव्हे, तिथे कोण पाऊल ठेवू शकतो यावरून.

वाशिममध्ये एकशे आठ तीर्थे होती असे परंपरा सांगते. त्यांतले पद्मतीर्थ विष्णूने निर्माण केले अशी श्रद्धा. आणि मग अठराव्या शतकात भवानी काळू आले. नागपूरकर साबाजी भोसल्यांचे हे कारभारी. जमिनीत पुरलेल्या मूर्ती सापडल्याच्या कथेवर त्यांनी बालाजीचे देऊळ उभारले. ते १७७९ च्या सुमाराला पूर्ण झाले. देवळाबरोबर देव तलाव. चौरस, दगडी बांधणीचा, पायऱ्यांचा.

त्या पायऱ्यांपाशी जरा थांबायला हवे. दगडी पायऱ्यांचा तलाव वर्षभर आपला आकार बदलत असतो. पाऊस सरतो तेव्हा पाणी वरच्या पायऱ्यांना लागलेले असते आणि माणसे काठावर बसतात. दिवाळीनंतर एकेक पायरी उघडी पडू लागते. शिशिरात उन्हाकडे तोंड करून बसायला खालच्या पायऱ्या मिळतात, आणि वैशाखात पाणी तळाशी गेले की सावलीची बाजू धरून माणसे अगदी खोल उतरून बसतात, जिथे वरच्यापेक्षा हवा थंड असते. बसायची जागा ऋतूप्रमाणे आपोआप सरकते. शिवाय गावात पाणी किती उरले, हे प्रत्येकाला येता-जाता दिसते. उद्यानात सिमेंटचे बाक ओतताना, दुपारी त्यावर ऊन येईल की सावली, हे आपण पाहत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात उघड्यावरचा सिमेंटचा बाक सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत निरुपयोगी असतो.

वाशिमच्या बागेचे आजोळ हे असे. तिचे दुसरे घराणे राजवाड्यांचे. नागपूरला भोसल्यांची महाराजबाग होती. राज्य खालसा झाले, बाग शेतीखात्याकडे गेली, १९०६ साली नागपुरात कृषी महाविद्यालय निघाले आणि महाराजबाग त्या विद्येच्या अंगणाचा भाग झाली. आज ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. राजाच्या विहाराची जागा रोपे, प्रयोग आणि विद्यार्थी यांच्या कामाला लागली, म्हणून ती टिकली. मुंबईच्या राणीच्या बागेचेही तसेच. १८६२ साली ती खुली झाली ती शेती आणि बागकामाला वाहिलेल्या संस्थेची बाग म्हणून. शेजारी १८७२ मध्ये वस्तुसंग्रहालय उघडले, ज्याला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. लोक तिथे झाडे पाहायला, शिकायला, दाखवायला जात. नुसते बसायला जाणारेही होतेच, पण बागेला स्वतःचे काम होते.

तिसरे घराणे विलायतेचे. इंग्लंडमध्ये कापडगिरण्यांची शहरे दाटली, मजुरांना मोकळ्या हवेत फिरायला जागा उरली नाही, म्हणून १८३३ साली पार्लमेंटच्या समितीने सार्वजनिक फिरण्याच्या जागांवर अहवाल दिला. लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडमध्ये १८४७ साली लोकांच्या पैशातून बांधलेली बाग खुली झाली. अमेरिकेतला ऑल्मस्टेड ती पाहून गेला आणि पुढे त्याने न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखले. नगरपालिकेने पैसा घालायचा, कुंपण घालायचे, वेळ ठरवायची आणि माळी ठेवायचा ही पद्धत आपल्याकडे आली ती या घराण्यातून. वाशिमसह वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि नगरपालिकेची कल्पना त्याच कारभारातून इकडे रुजली.

विलायतेचे हवामान मात्र सोबत आले नाही. तिथली बाग उन्हासाठी असते. उन्हाचे तास कमी, म्हणून मोठी हिरवळ आणि मोकळे आभाळ. वाशिमची बाग सावलीसाठी हवी. हिरवळ राखायला उन्हाळ्यात पाणी ओतावे लागते, आणि पाणलोटाच्या माथ्यावरच्या गावाला ते परवडत नाही. म्हणून छोट्या शहरांत हिरवळ पावसाळ्यात उगवते, फेब्रुवारीत पिवळी पडते आणि पुढच्या वर्षी तिच्या जागी पेव्हर ब्लॉक येतात. झाडेही अशीच उसनी. गुलमोहर मादागास्करचा, रेनट्री दक्षिण अमेरिकेचा. दोन्ही मला प्रिय आहेत, रेनट्रीची सावली तर नाकारताच येत नाही. पण ज्या मातीत पळस, बहावा, करंज, काटेसावर, बेहडा, कडुनिंब वाढवावे लागत नाहीत, आपसूक वाढतात, तिथे नर्सरीतून शोभेची झुडपे आणून रांगेत लावण्यात काय हशील?

वाशिमच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. इंग्रजी अमदानीत बासीम, म्हणजे वाशिम, हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. पुढे १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा पुन्हा झाला. मधली त्र्याण्णव वर्षे म्हणजे नेमका तो काळ, जेव्हा महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावांना टाऊन हॉल, वस्तुसंग्रहालये, मोठी उद्याने मिळत गेली. त्या सबंध काळात वाशिम तालुक्याचे ठिकाण होते. जिल्हा झाल्यावरही, केंद्राची शहरी सुविधांसाठीची २०१५ ची ‘अमृत’ योजना मुख्यतः लाखावर वस्तीच्या शहरांसाठी आली, आणि २०११ च्या जनगणनेत वाशिमची लोकसंख्या ७८,३८७ होती. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात सगळी वैधानिक शहरे आली, आणि त्यात तलावांचे पुनरुज्जीवन व हरित जागा दोन्ही आहेत. तळे आणि बाग एका योजनेत पुन्हा शेजारी आले आहेत, हे या मागोव्यात मला महत्त्वाचे वाटते.

दरम्यान बागेचे आणखी एक रूप तयार झाले, ले-आऊटची ‘ओपन स्पेस’. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात बागेची आरक्षणे पडतात. त्यातल्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत संपादन झाले नाही तर आरक्षण संपते. आराखड्यावर हिरव्या रंगात दिसणाऱ्या कित्येक बागा प्रत्यक्षात कधी जन्मालाच येत नाहीत त्या यामुळे. उरते ती ले-आऊटमधली सुटी जागा. तिथे आधी काँग्रेस गवत, मग एक मंदिर, मग समाजमंदिर, मग दोन ओपन जिमची यंत्रे.

या सगळ्या घराण्यांकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. जी जागा टिकली तिला रोजचे काम होते. पद्मतीर्थावर माणूस अस्थी घेऊन येतो. देव तलावावर दर्शनाला आलेला बसतो. महाराजबागेत विद्यार्थी येतो. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मैदान १९१४ पासून घाम गाळणाऱ्यांमुळे जिवंत आहे. सुशोभीकरण हे काम नव्हे. त्याचे उद्घाटन होते आणि मग कुलूप लागते.

वाशिमच्या बागांना देण्याजोगे काम शहरातच पडले आहे. दुपारी बाराच्या सुमाराला कुठल्याही जिल्ह्याच्या गावात तहसील कचेरी, बाजार समिती आणि सरकारी दवाखान्याच्या आसपास पाहावे. मालेगाव, रिसोड, मानोऱ्याच्या खेड्यांतून आलेली माणसे, साहेब जेवायला गेलेले, गाडीला वेळ. फडक्यात बांधलेली भाकरी, ठेचा, कांदा. ती सोडायला ही माणसे भिंतीची वीतभर सावली शोधतात, आणि त्याच वेळी उद्यानाच्या फाटकावर ‘सकाळी ६ ते ९, संध्याकाळी ५ ते ८’ अशी पाटी असते. गावाला सावलीची सर्वांत जास्त गरज असते ते तास नेमके बंद. फाटक दुपारी उघडे ठेवणे, एक पाण्याची टाकी आणि एक स्वच्छ संडास, एवढ्याने त्या बागेचा उपयोग दुप्पट होईल. बायकांसाठी तर संडास हीच बागेत येण्या-न येण्याची अट असते.

दुसरे काम पोरांचे. पोलीस भरतीची पोरे पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, ट्रक चुकवत. स्पर्धा परीक्षेची पोरे महिन्याला पैसे भरून अभ्यासिकेत कोंडून बसतात. बागेच्या कडेने मुरमाची धावपट्टी आणि झाडांखाली दिवे असलेले चार लांब ओटे, हे पेव्हर ब्लॉकपेक्षा स्वस्त आहे. तिसरे काम बचत गटांच्या बायकांचे. आठवड्यातला एक दिवस त्यांनी बागेत अंबाडी, वड्या-पापड, ज्वारीचे पदार्थ घेऊन बसावे. विकत घेणाऱ्याच्या निमित्ताने घरातली म्हातारी माणसे आणि लहान पोरेही येतील.

पुण्याच्या सारसबागेकडेही एकदा पाहावे. नानासाहेब पेशव्यांनी तिथे तलाव केला, मधल्या बेटावर १७८४ मध्ये गणपती बसला. विसाव्या शतकात तलाव भरून महापालिकेची बाग झाली. बाग लाडकी आहे, गर्दी ओसंडते, पण ‘तळ्यातला गणपती’ हे नाव ठेवून तळे गेले. वाशिमचे पाणी अजून जागेवर आहे. देव तलाव आणि पद्मतीर्थाच्या काठावर झाडांचा पट्टा लावला, गाळ काढून तोच त्या झाडांना आणि बागांना घातला, आणि तळे ते बाग अशी चालत जाण्याची सावलीची वाट जोडली, तर पुण्याने जे गमावले ते इथे राखता येईल.

सुरुवात झाडांपासून करता येते. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. शहरातल्या शाळांच्या वरच्या वर्गांनी येत्या पावसाळ्याआधी बागांतली, तळ्यांकाठची, जुन्या कचेऱ्यांच्या आवारातली झाडे मोजावीत. जात, घेर, जागा आणि त्याखाली सध्या कोण बसते, हे चार रकाने. चौथा रकाना नगरपालिकेच्या कुठल्याच नोंदवहीत नसतो. पार कुठे बांधायचा, फाटक कुठल्या बाजूला हवे, ओटा किती लांब हवा, हे त्याच रकान्यावरून ठरेल.