पांढऱ्या मेंढ्यांच्या मागावर

शिकार हा शब्द उच्चारला की आपल्या मनापुढे मचाण उभे राहते, हाकाऱ्यांचे ढोल वाजू लागतात आणि गवत दुभंगून वाघ बाहेर पडतो. ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर येथील संस्थानी शिकारखान्यांच्या गोष्टी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना तर शिकार म्हणजे चार घटकांचा थरार असेच वाटत असावे. परंतु शिकारीचा असाही एक प्रकार आहे, की ज्यात मचाण नाही, हाकारे नाहीत आणि बहुतेक दिवशी बंदुकीचा आवाजही नाही. डोंगरी मेंढ्यांची शिकार ती हीच. तिच्यात मुख्य हत्यार बंदूक नव्हे, धीर होय. हा धीर माणसाला शेवटी कोठवर घेऊन जातो, याची साक्ष अमेरिकेच्या अगदी उत्तरेकडील अलास्का प्रदेशात घडलेल्या एका इतिहासात मिळते. तोच इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. मेंढी म्हटल्यावर धनगराच्या काठीपुढे मान खाली घालून चालणारा गरीब जीव आपल्याला आठवतो. अलास्कातील डॉल मेंढीचा त्या मेंढीशी संबंध केवळ गोत्राचा. अंगावर दाट, पांढरीशुभ्र केसाळ कातडी, एडक्याच्या डोक्यावर पिवळसर तपकिरी रंगाची जाडजूड शिंगे, आणि वस्ती अशा कड्यांवर की जेथे दोन पायांच्या प्राण्याला हातांचाही आधार घ्यावा लागतो. तिची नजर विलक्षण तीक्ष्ण असते. पहाटे चरून झाले की कळप उंच धारेवर किंवा कड्याच्या माथ्यावर जाऊन रवंथ करीत बसतो आणि खालची सारी दरी तेथून त्याच्या नजरेखाली राहते. दरीतून वर चढणारा माणूस मैलभर अंतरावरूनही त्याच्या ध्यानात येतो, आणि एकदा ध्यानात आला की कळप शांतपणे उठून पलीकडच्या डोंगरावर निघून जातो.

म्हणून शिकाऱ्याला वळसा घालून मेंढ्यांच्याही वर चढावे लागते. हा वळसा कधी अर्ध्या दिवसाचा असतो, कधी पुऱ्या दिवसाचा. इतके करून वर पोहोचावे तो वारा फिरतो आणि माणसाचा वास कळपाकडे घेऊन जातो; किंवा पायाखालचा एखादा सुटा दगड घरंगळतो; किंवा धुके उतरते आणि हातभर अंतरावरचेही दिसेनासे होते. त्यातच आणखी एक अडचण अशी की पूर्ण वाढलेले एडके उन्हाळ्यात माद्यांपासून वेगळे, आपल्या स्वतंत्र टोळ्या करून राहतात. शंभर मेंढ्या दिसाव्यात आणि त्यांत एकही मोठा एडका नसावा, हे नेहमीचेच. एडक्याच्या शिंगाचे वेटोळे पूर्ण व्हायला सात-आठ वर्षे लागतात. तितकी वर्षे लांडगे, हिमवादळे आणि कडे यांना चुकवून जो जगला, तो सहजासहजी कोणाच्या टप्प्यात येत नाही, यात नवल ते काय?

या प्राण्यामागे ज्याने आयुष्याची उमेद खर्ची घातली, त्याचे नाव चार्ल्स शेल्डन. १८६७ साली व्हरमाँट प्रांतात त्याचा जन्म झाला. येल विद्यापीठातून १८९० मध्ये तो पदवीधर झाला, पुढे मेक्सिकोत खाणीच्या धंद्यात त्याने पुरेसा पैसा मिळविला आणि पस्तिशीच्या सुमारास, इतर लोक ज्या वयात धंदा वाढविण्याच्या मागे लागतात त्या वयात, त्याने धंद्याला रामराम ठोकला. त्याला एका प्रश्नाने पछाडले होते. उत्तरेकडील डोंगरी मेंढ्यांच्या तीन जाती त्या काळी मानल्या जात. १८८४ मध्ये वर्णिलेली पांढरी डॉल मेंढी, १८९७ मध्ये वर्णिलेली काळपट स्टोन मेंढी आणि १९०१ मध्ये वर्णिलेली, पाठीवर खोगीर घातल्यासारखा करडा पट्टा असलेली फॅनिन मेंढी. या खरोखरीच तीन भिन्न जाती आहेत, की एकाच कुळाच्या रंगच्छटा? वॉशिंग्टनच्या प्राणिशास्त्रज्ञांपाशी याचे उत्तर नव्हते, कारण डोंगरामागून डोंगर पालथा घालून पुरेसे नमुने कोणी आणलेच नव्हते.

शेल्डनने १९०४ आणि १९०५ अशी दोन वर्षे युकॉन नदीच्या वरच्या खोऱ्यात घालविली. आफ्रिकेतील शिकारींमुळे जगप्रसिद्ध झालेला फ्रेडरिक सेलूस १९०४ मध्ये काही काळ त्याच्याबरोबर होता. वन्य प्राण्यांची चित्रे काढणारा चित्रकार कार्ल रुंगियसही त्या वर्षी सोबतीला होता. परंतु मेंढ्यांच्या मागावर जाताना शेल्डन बहुधा एकटाच जाई. डोंगररांगेमागून डोंगररांग पाहत गेल्यावर त्याला आढळले की पांढरा रंग एकाएकी संपत नाही. दक्षिणेकडे सरकावे तसतसा करडेपणा वाढत जातो आणि शेवटी काळपट होतो. मधली खोगिरी मेंढी ही निराळी जात नसून दोन टोकांना जोडणारा दुवा आहे. एका ओळीत सांगता येणारे हे उत्तर मिळविण्यासाठी त्याला किती कडे चढावे लागले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

१९०६ च्या जुलैत तो अलास्कातील सर्वांत उंच पर्वताच्या उत्तर उतारावर आला. या पर्वताची उंची २०,३१० फूट. सरकारी नकाशात त्याचे नाव होते मॅकिन्ली. तेथील कोयुकॉन लोक त्याला ‘डेनाली’, म्हणजे ‘उंच असलेला’ असे म्हणत. शेल्डनला हेच नाव योग्य वाटे. वाटाड्या म्हणून त्याने हॅरी कारस्टेन्स याला घेतले. सोन्याच्या लोभाने क्लोंडाइकला आलेला आणि पुढे कुत्र्यांच्या घसरगाडीवरून टपाल नेणारा हा माणूस बर्फाळ मुलखात मुरलेला होता.

पहिले कित्येक दिवस हाती काहीच लागले नाही. माद्या दिसत, कोकरे दिसत, लहान एडके दिसत. पण संग्रहालयाला हवे होते ते पूर्ण वाढलेले एडके कोठेच नव्हते. दररोज पहाटे निघावे, दुर्बिणीने धारेमागून धार न्याहाळावी, पावसात भिजावे, डासांना रक्त द्यावे आणि रात्री रिकाम्या हाताने तंबूत परतावे, असा क्रम चालला. शेवटी मुक्काम पूर्वेकडे टोकलाट नदीच्या बाजूला हलविल्यावर ऑगस्टच्या आरंभी मोठ्या एडक्यांची टोळी त्याला गवसली आणि एकाच दिवशी सात एडके त्याने टिपले. सात हा आकडा आज आपल्या कानाला टोचतो, आणि तो टोचावाही. मात्र शेल्डनचे काम गोळीबरोबर संपत नसे. प्रत्येक जनावराची मापे घ्यावयाची, पोटात कोणते गवत आहे ते पाहावयाचे, कातडी व कवटी जतन करावयाची आणि रात्री सारे वहीत उतरवावयाचे, हा त्याचा नेम होता.

योगायोग असा की त्याच वर्षी, त्याच पर्वताच्या दुसऱ्या अंगाला फ्रेडरिक कुक नावाचे एक गृहस्थ होते. सप्टेंबर १९०६ मध्ये आपण शिखर गाठल्याचे त्यांनी जाहीर केले आणि जगभर त्यांचा जयजयकार झाला. १९१० मध्ये बेलमोर ब्राउन आणि हर्शेल पार्कर यांनी कुक यांच्या ‘शिखराच्या’ छायाचित्राची जागा शोधून काढली; ते शिखर म्हणजे मुख्य पर्वतापासून कित्येक मैल दूर असलेला एक किरकोळ उंचवटा होता. एकाच उन्हाळ्यात एका डोंगराने दोन माणसांची परीक्षा पाहिली. एकाला वाट पाहणे जमले नाही, दुसऱ्याला वाट पाहण्यातच गोडी वाटू लागली.

कारण शेल्डनचे समाधान झाले नव्हते. उन्हाळ्यातील मेंढी आपण पाहिली, पण हिवाळ्यात ती जगते कशी, हे कोठे पाहिले? या एका प्रश्नासाठी १९०७ च्या ऑगस्टमध्ये तो परत आला, टोकलाटच्या काठी लाकडी ओंडक्यांची खोप बांधली आणि १९०८ च्या जूनपर्यंत तेथेच राहिला. वाऱ्याने बर्फ उडवून नेलेल्या उघड्या धारांवर मेंढ्या वाळके गवत कशा हुडकतात, वर्षाअखेरीच्या माजाच्या दिवसांत एडके एकमेकांवर शिंगे कशी आदळतात, मे महिन्यात माद्या अवघड कपारीत जाऊन कशा वितात, हे सारे त्याने पाहिले. आता त्याच्या हातात बंदुकीपेक्षा दुर्बीण अधिक वेळ असे. शिकाऱ्याचा धीर तोच होता. त्याचे फळ मात्र बदलले होते.

याच मुक्कामात त्याला एक संकट दिसू लागले. जवळच कँटिश्ना येथे १९०५ मध्ये सोने सापडले होते. फेअरबँक्स गाव वाढत होते आणि तेथील बाजारात डोंगरी मेंढ्यांचे मांस विकले जात होते. पोटासाठी शिकार करणारे पेशेवर शिकारी कुत्र्यांच्या गाड्या घेऊन येत आणि कळपच्या कळप कापून नेत. जो प्राणी एका माणसाला आठवडे-आठवडे हुलकावणी देतो, तोच बाजाराची मागणी निर्माण झाली की थोड्या वर्षांत नाहीसा होऊ शकतो, हे शेल्डनने ओळखले. १२ जानेवारी १९०८ च्या त्याच्या रोजनिशीत ‘डेनाली राष्ट्रीय उद्यान’ ही कल्पना प्रथम आढळते.

येथून पुढे जी शिकार सुरू झाली ती कायद्याची, आणि ती नऊ वर्षे चालली. १९१५ मध्ये अलास्का रेल्वेचे काम सुरू झाले आणि धोका दुणावला, कारण रूळ टाकणाऱ्या मजुरांना मांस लागणार हे उघड होते. शेल्डनने बून अँड क्रॉकेट क्लब या शिकाऱ्यांच्याच संस्थेकरवी योजना पुढे रेटली. कुक यांचे बिंग फोडणारा बेलमोर ब्राउनही या कामात येऊन मिळाला. अलास्काचे प्रतिनिधी जेम्स विकरशॅम यांनी १९१६ मध्ये विधेयक मांडले. मंजूर झालेले विधेयक शेल्डनने स्वतः राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्याकडे पोहोचविले आणि २६ फेब्रुवारी १९१७ रोजी त्यावर सही झाली. नाव मात्र त्याच्या मनाजोगे पडले नाही. उद्यानाला मॅकिन्लीचेच नाव मिळाले.

नावापेक्षाही मोठी उणीव कायद्यात होती. खाणवाल्यांना आणि सोने शोधणाऱ्यांना, अन्न कमी पडल्यास उद्यानात शिकार करण्याची मुभा ठेवण्यात आली होती. ‘अन्न कमी पडले’ हे अरण्यात कोण तपासणार? शिवाय पहिली चार वर्षे रखवालीसाठी पैसाच नव्हता. १९२१ मध्ये पहिला अधीक्षक नेमला गेला, तो म्हणजे जुना वाटाड्या हॅरी कारस्टेन्स. दरम्यान १९१३ मध्ये डेनालीचे सर्वोच्च शिखर प्रथम गाठणाऱ्या चौघांत त्याचाही समावेश झाला होता. शिकारीची ती पळवाट बंद व्हायला १९२८ चा मे महिना उजाडावा लागला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शेल्डन निवर्तला. डेनालीवरील त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९३० मध्ये प्रसिद्ध झाले.

यानंतरही मेंढ्यांवरचे गंडांतर टळले नाही. पाठोपाठ आलेल्या कडक हिवाळ्यांनी कळप रोडावले आणि दोष लांडग्यांवर आला. लांडगे मारून टाका, अशी ओरड झाली. तेव्हा १९३९ मध्ये ॲडॉल्फ म्युरी या शास्त्रज्ञाला तपासासाठी पाठविण्यात आले. त्यानेही शेल्डनचीच रीत धरली. डोंगर पायांनी मोजले आणि मेलेल्या मेंढ्यांच्या शेकडो कवट्या गोळा केल्या. मेंढीचे शिंग हिवाळ्यात वाढत नाही, म्हणून झाडाच्या खोडाप्रमाणे त्यावर वर्षागणिक वळी पडतात आणि त्यांवरून मरणसमयीचे वय कळते. लांडगे मुख्यतः म्हातारी, दुबळी आणि अगदी कोवळी जनावरे मारतात, असा म्युरीचा निष्कर्ष १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापैकी ६०८ कवट्यांवरून एडवर्ड डीव्ही याने १९४७ मध्ये वन्य प्राण्यांच्या आयुर्मानाचे एक कोष्टक मांडले. सुमारे पाचवा हिस्सा कोकरे पहिल्याच वर्षी दगावतात. ते वर्ष ओलांडले की सात-आठ वर्षांपर्यंत मृत्यू थोडे. जीवशास्त्राचे विद्यार्थी हे कोष्टक अजूनही अभ्यासतात.

१९८० मध्ये उद्यानाचा विस्तार झाला आणि त्याला ‘डेनाली’ हे नावही मिळाले. पर्वताचे सरकारी नाव २०१५ मध्ये डेनाली झाले आणि २०२५ मध्ये पुन्हा मॅकिन्लीवर गेले. उद्यानाचे नाव मात्र डेनालीच राहिले. जुन्या उद्यानाच्या हद्दीत आज शिकारीला बंदी आहे. तरीही मेंढ्या निर्धास्त आहेत असे म्हणता येणार नाही. अलीकडच्या वर्षांत अलास्कात त्यांची संख्या घटली आहे. हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडतो, तो गोठून गवतावर बर्फाची कठीण साय धरते आणि खुरांनी ती फुटत नाही. या शत्रूला कायद्याने हद्दपार करता येत नाही.

डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीत यश कशाला म्हणावे? भिंतीवर टांगलेल्या शिंगांना म्हणावे, तर असे यशस्वी शिकारी पुष्कळ होऊन गेले आणि त्यांची नावे शिंगांवरच्या धुळीबरोबर झटकली गेली. शेल्डनने कड्यावर तासन्‌तास पडून राहण्याची सवय लावून घेतली ती एडक्यासाठी. पण तीच सवय पुढे त्याला नऊ वर्षे एका कायद्यामागे लागून राहायला उपयोगी पडली. ज्याची दीर्घकाळ वाट पाहिली त्याच्याविषयी मनात आदर उत्पन्न होतो, आणि ज्याच्याविषयी आदर वाटला त्याचा नाश पाहवत नाही. टोकलाटच्या काठावरून वर पाहिले असता उंच हिरव्या उतारावर पांढरे ठिपके आजही हलताना दिसतात. शेल्डनच्या यशाचे मोजमाप करावयाचे तर ते तेथेच करावे लागेल.