वाकड्या टेकाडाचं आडनाव

बंगळुरात लालबागेजवळ, मावळ्ळीच्या अंगाला, एक छोटा रस्ता आहे. त्याचं नाव दुकानांच्या पाट्यांवर वाचत गेलं, तर शंभर पावलांत चार तऱ्हा सापडतात: क्रुंबिगल, क्रंबीगल, क्रिंबिगल, क्रुंबेगल. एकदा तिकडे जाताना ऑटोवाल्याला विचारलं, हे क्रुंबिगल म्हणजे काय हो? त्यानं मागे न पाहताच उत्तर दिलं, “ऊरु सार, कुणिगल तरा.” गाव आहे साहेब, कुणिगलसारखं. त्याचं काही चुकलं नव्हतं. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड, आणि जोडशब्दात त्याचाच ‘गल्लु’ किंवा ‘गल’ होतो. मुदगल, कुणिगल ऐकत वाढलेल्या कानाला क्रुंबिगल हेही कुठल्यातरी खडकाजवळचं गाव वाटणार.

ते गाव नव्हे, एका माणसाचं आडनाव आहे, हे मला तेव्हा माहीत होतं. त्या आडनावाच्या मागे मी लागलो, त्याला कारण मात्र घरातलं होतं. लेकीला शिकायला जर्मनीला जायचं होतं आणि अर्जात आडनावाचा रकाना होता. तिच्याकडे आडनाव नव्हतं.

आमचं मूळ आडनाव बोरगावकर. आजोबा नोकरीच्या निमित्तानं म्हैसूर संस्थानात आले. इकडच्या रिवाजाप्रमाणे कचेरीच्या रजिस्टरात दोन आद्याक्षरं, त्यांचं नाव आणि शेवटी ‘राव’ एवढंच लागलं. वडिलांच्या वेळी ‘राव’ही गळालं. माझ्या नावामागे वडिलांच्या नावाचं एक अक्षर उरलं. दक्षिणेत यानं कुणाचं काही अडत नाही. जर्मन अर्जाला मात्र रिकामा रकाना चालेना. शेवटी दक्षिणेतली बरीच मुलं करतात तेच केलं, बापाचं नाव आडनाव म्हणून लिहिलं. त्या दिवसापासून माझं पाळण्यातलं नाव हे माझ्या मुलीचं आडनाव आहे. तिकडचे प्राध्यापक तिला माझ्या नावानं हाक मारतात.

ज्या देशात आडनावाशिवाय पान हलत नाही, त्या देशातून आलेलं एक आडनाव आमच्या शहरात पाट्यांवर असं सैल होऊन पडलंय, हे तेव्हा पहिल्यांदा नीट डोळ्यांत भरलं.

गुस्ताफ हेर्मान क्रुम्बीगल यांचा जन्म 1865 सालचा, जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात ड्रेस्डेनजवळच्या लोमेन या गावी. एल्ब नदीकाठचा तो भाग वालुकाश्माच्या उंच सुळक्यांसाठी प्रसिद्ध आहे. बागकामाचे धडे त्यांनी तिथूनच जवळ, पिलनिट्झला घेतले. पुढे इंग्लंड गाठलं. लंडनच्या हाइड पार्कमध्ये फुलांच्या वाफ्यांची मांडणी केली, मग क्यू इथल्या राजेशाही वनस्पती उद्यानात काम केलं. तिथून 1893 साली त्यांना हिंदुस्थानात आणलं ते सयाजीराव गायकवाडांनी. म्हणजे हा जर्मन माळी प्रथम उतरला तो एका मराठी राजाच्या पदरी. बडोद्याच्या दरबारी वर्तुळात मराठीचा वावर होता, तेव्हा हे आडनाव देवनागरीत पहिल्यांदा बहुधा तिथल्याच कुणा कारकुनानं उतरवलं असावं. कसं उतरवलं असेल, याची कल्पना करण्यात माझी एक संध्याकाळ मजेत गेली.

बडोद्यात चौदाएक वर्षं काढल्यावर म्हैसूरच्या चौथ्या कृष्णराज वडियारांनी त्यांना आपल्याकडे बोलावलं. 1908 साली जॉन कॅमेरॉन यांच्या जागी ते लालबागेचे प्रमुख झाले आणि 1932 पर्यंत त्या पदावर राहिले. हैदर अलीनं 1760 च्या सुमारास घातलेली ही बाग त्यांनी वाढवली, देशोदेशींची बियाणी मागवून इथली इथली बाहेर पाठवली, 1912 साली स्थापन झालेल्या म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या कामात भाग घेतला. कृष्णराजसागर धरणाखालच्या वृंदावन उद्यानाच्या आखणीतही त्यांचा हात होता. त्यांची खरी आठवण राहते ती रस्त्यांवर. एक झाड फुलून ओसरतं तोवर दुसरं फुलावं, अशा हिशेबानं रस्त्याकडेची झाडं निवडायची, या कल्पनेचं श्रेय त्यांना दिलं जातं. जॅकरांडाची जांभळी फुलं गळून जाईतो गुलमोहर लाल व्हायला लागतो, शेजारी पीतमोहर पिवळा होतो. बंगळूरकराला यात कुणाचा हिशेब आहे असं कधी वाटत नाही. ऋतूच तसा आहे, असं तो समजतो.

आता आडनाव. मराठीत जशी सुतार, कुलकर्णी ही कामावरून, काळे, डोळे ही रूपावरून आणि ‘कर’वाली गावावरून पडलेली आडनावं आहेत, तशाच जर्मनांच्याही रांगा आहेत. त्यांच्याकडे आणखी एक मोठी रांग आहे ती घर नेमकं कुठं आहे त्यावरून पडलेल्या नावांची: ओढ्याकाठचा, कुरणालगतचा, टेकडीवरचा. क्रुम्बीगल याच रांगेतलं मानतात. ‘क्रुम्म’ म्हणजे वाकडं. ‘ब्यूहेल’ हा टेकाडासाठीचा जुना शब्द. सॅक्सनीच्या बोलीत ओठ गोल करून उच्चारायचा ‘ब्यू’ सपाट होऊन ‘बी’ होतो, म्हणून बीगल. वाकड्या टेकाडापाशी राहणारा, तो क्रुम्बीगल. दुसरा अर्थही सांगतात. ‘ब्यूगेल’ म्हणजे वाकवलेली पट्टी, घोड्याची रिकीब. ती वाकवणाऱ्या लोहाराला हे नाव पडलं असावं. बोलीत दोन्ही शब्द एकाच आवाजात विरघळतात, त्यामुळे वाद मिटण्यासारखा नाही. मी आपला टेकाडाच्या बाजूचा. आपल्याकडे वाकडे आहेत आणि टेकाडेही आहेत. दोन्ही घरांची सोयरीक झाली तर जे होईल ते क्रुम्बीगल.

हे आडनाव विरळ का, याचंही उत्तर त्या टेकाडातच आहे. जर्मनीतलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव म्युलर, म्हणजे पिठाच्या गिरणीवाला. गिरणी गावोगावी होती, म्हणून म्युलरही गावोगावी झाले. वाकडं टेकाड गावोगावी नसतं. आणि असलं तरी शेजारच्या गावात त्याला दुसरा शब्द असतो. एका बोलीच्या पट्ट्यात, मोजक्या उंबऱ्यांवर हे नाव पडलं आणि तिथंच रुजलं.

ते अजूनही तिथंच आहे, ही गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. जर्मनीत 2005 सालच्या टेलिफोन जोडण्यांची यादी हाताशी घेऊन भाषाशास्त्रज्ञांनी देशभरच्या आडनावांचे नकाशे काढले आहेत. दोन महायुद्धं झाली, देशाची फाळणी झाली, भिंत उभी राहिली आणि पडली, लाखो माणसं इकडची तिकडे गेली. तरीही कितीतरी आडनावं आजही आपल्या जुन्या बोलीच्या हद्दीतच दाट आहेत. क्रुम्बीगल मंडळींचा दाट भाग आजही सॅक्सनीच. त्यांतले आज सर्वांत माहितीचे सेबास्टियान क्रुम्बीगल, ‘दी प्रिन्झेन’ या गाजलेल्या गायकवृंदातले, तेही सॅक्सनीतल्याच लायप्झिगचे. तिथल्या प्रसिद्ध थोमास चर्चच्या बालगायकवृंदात ते घडले, आणि वंशद्वेषाविरुद्ध जाहीरपणे उभे राहणारा गायक म्हणून लोक त्यांना मानतात. दुसरे, प्राणिशास्त्रज्ञ इंगो क्रुम्बीगल. दक्षिण अमेरिकेतून आलेलं एक कातडं पाहून ते एका अज्ञात डोंगरी लांडग्याचं असावं असं त्यांनी ठरवलं आणि 1949 साली त्याला शास्त्रीय नावही देऊन टाकलं. शास्त्रीय नावापुढे ते देणाऱ्याचं आडनाव लागतं, तसं इथंही लागलं. लांडगा मात्र जिवंत कुणालाच सापडला नाही. लायप्झिगच्या गायकाचं आडनाव त्याच्या गाण्यांवर, या शास्त्रज्ञाचं एका नसलेल्या जनावरापुढे, आणि आमच्या माळ्याचं एका रस्त्यावर.

आडनावाचं लेखन पक्कं होण्याची गोष्टही फार जुनी नाही. पूर्वी चर्चच्या वह्यांत पाद्री कानाला येईल तसं लिहीत, त्यामुळे एकाच घराण्याचं आडनाव पिढीगणिक बदलायचं. 1875 च्या कायद्यानं सगळ्या जर्मनीत जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी सक्तीच्या केल्या. पुढच्या वर्षापासून त्या सुरू झाल्या आणि ज्याचं जे अक्षर त्या घडीला होतं तेच गोठलं. गुस्ताफ तेव्हा दहा वर्षांचे होते. कायद्यानं गोठवलेलं ते आडनाव पुढे बंगळुराच्या उन्हात पुन्हा वितळलं. पाट्या रंगवणाऱ्यानं तेच केलं जे जुन्या पाद्र्यांनी केलं होतं: कानाला आलं तसं लिहिलं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांना नजरकैद सोसावी लागली. ज्या शहराच्या रस्त्यांवर त्यांनी सावली धरली, त्याच शहराच्या कागदांवर ते शत्रुदेशाचे नागरिक होते. वय तेव्हा पंच्याहत्तरीच्या आसपास. आडनाव लपवण्याची, निदान थोडं इंग्रजी करून घेण्याची सोय कुणालाही सुचली असती. युरोपातल्या राजघराण्यानंही ती वापरली होती. ब्रिटनच्या राजानं 1917 साली आपलं जर्मन कुलनाम टाकून ‘विंडसर’ घेतलं. आमचा माळी क्रुम्बीगलच राहिला. लालबागेत त्यांचे शिष्य जवरय्या आणि त्यांच्यानंतर मरिगौडा यांनी काम पुढे चालवलं. स्वातंत्र्य आल्यावरही ते मायदेशी परतले नाहीत. 1956 साली बंगळुरातच वारले, नव्वद वर्षांचे होऊन. होसूर रस्त्यावरच्या मेथॉडिस्ट कब्रस्तानात त्यांना पुरलं आहे.

मी एका रविवारी तिथं गेलो होतो. दगडावर आडनाव मूळ अक्षरांत नीट कोरलेलं आहे. शहरात ते बिनचूक पाहायला मिळण्याच्या मोजक्या जागांपैकी ही एक. लालबागेतल्या जुन्या व्याख्यानगृहालाही त्यांचं नाव होतं, पण 2017 मध्ये त्या इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि पुढे ती जुन्या रूपात पुन्हा बांधायचं काम हाती घ्यावं लागलं. मी इतकी वर्षं इथं राहतोय, क्रुम्बीगल आडनावाचा एकही माणूस मला भेटलेला नाही. पण ते आडनाव रोज शेकडो तोंडांतून जातं. डबेवाला, कुरिअरवाला, औषधाच्या दुकानातला मुलगा, सगळे ते घेतात आणि कुणालाच त्यात परकं काही वाटत नाही.

त्या दगडासमोर उभं असताना मनात आमचंच घोळत होतं. बोरगावकर म्हणजे बोरगावचे. बोरगाव म्हणजे बोरीच्या झाडाचं गाव. एवढं कळतं, आणि पुढे वाट खुंटते. महाराष्ट्रात बोरगावं इतकी आहेत, की आमचं कोणतं हे सांगणारं आता घरात कुणी उरलेलं नाही. आजोबांना ठाऊक असणार. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि रजिस्टरात रकाना नव्हता. क्रुम्बीगलांचं टेकाड निदान नकाशावर एका पट्ट्यात तरी शोधता येतं. आमचं बोरीचं झाड कुठंही असू शकतं.

लेकीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, इथं मला विचारतात, तुझ्या आडनावाचा अर्थ काय. मी सांगते, माझे वडील.” मला काही बोलता आलं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “पण बोरगावकर कसं लिहायचं ते एकदा पाठवा.” मी देवनागरीत लिहून पाठवलं. इंग्रजी स्पेलिंगही पाठवणार होतो, पण राहू दिलं. ती तिच्या कानाला येईल तसं लिहील.

कब्रस्तानातून निघून लालबागेत गेलो आणि तिथल्या खडकावर चढलो. तीनशे कोटी वर्षांच्या आसपासचा हा खडक, वर केंपेगौडाचा छोटा बुरूज. पायथ्यापासून पाहिलं तर तो सरळ चढत नाही, एका बाजूला कलंडल्यासारखा वाकत जातो. वर उभं राहून मला त्या ऑटोवाल्याची आठवण झाली. गल म्हणजे दगड, खडकाजवळचं गाव. त्याला जर्मनचा गंध नव्हता, पण त्याचा कान सॅक्सनीतल्या त्या पहिल्या घरापाशी जवळजवळ पोचला होता.

परवा दुसऱ्या एका ऑटोत बसलो आणि रस्त्याचं नाव सांगितलं. पोरगा नवीन होता, उत्तर कर्नाटकातला. म्हणाला, हे कुठलं गाव सार? पूर्वी मी त्याला साल, संस्थान, सगळं ऐकवलं असतं. या वेळी म्हटलं, “फार लांब आहे. वाकड्या टेकाडाचं गाव.” त्यानं मान डोलावली आणि मीटर टाकला.