गच्ची, शाळेचे सभागृह, कॉलेजचे अंगण: मुंबईचा विद्यार्थी आणि कला

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या कलाशाळेचे वर्गही त्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सुरू झाले. ही कलाशाळा म्हणजेच पुढचे 'जे.जे.'. विद्यापीठ आणि कलाशाळा एकाच वर्षीची असली, तरी पुढे फार काळ दोघांच्या वाटा वेगळ्या राहिल्या. बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला चित्र, नाटक, गाणे किंवा सिनेमा पदवीसाठी शिकावा लागत नव्हता. त्याला ते भेटले शहरात, लेक्चर संपल्यावर आणि बहुधा दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या जागेत. मुंबईच्या कलाजीवनाचा मोठा हिस्सा या फावल्या वेळाच्या भेटीतून घडला.

पहिली भेट नाटकाची. ग्रँट रोडवर १८४६ साली नाट्यगृह उभे राहिले. १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या मंडळीने तिथे खेळ केले आणि त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही त्याच रंगमंचावर उतरली. काही वर्षांतच एल्फिन्स्टन कॉलेजचे पारशी तरुण शेक्सपिअरची नाटके करू लागले. वर्गात पाठ केलेले संवाद वेष चढवून बोलायचे, इतक्या साध्या हौसेतून शहराला शिकलेला नट मिळाला आणि शिकलेला प्रेक्षकही.

जे.जे.च्या विद्यार्थ्यांचे जग निराळे होते. १८७२ पासून पुढची बरीच वर्षे तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करून घेत. मोठ्या कॅनव्हासांवर उतरवलेल्या या नकलांपैकी कित्येक पुढे लंडनच्या आगीत जळाल्या. तरीही विशीतल्या मुलांनी मशालीच्या उजेडाची सवय असलेल्या त्या भिंतींसमोर बसून केलेले काम ही भारतीय कलाशिक्षणातली मोठी घटना मानावी लागेल. इंग्रजी धाटणीचे रेखाटन शिकलेला हात त्या काळात प्रथमच इथल्या रेषेशी इतका जवळून झगडला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर चित्रकला शाळेच्या कुंपणाबाहेर आली. फ्रान्सिस न्यूटन सूझा या विद्यार्थ्याला १९४५ मध्ये जे.जे.तून काढून टाकण्यात आले. दोन वर्षांनी त्याने रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. युरोपातून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांचे घर या तरुणांसाठी दुसरी शाळाच ठरले. छापील प्रतींतून युरोपीय चित्रे पाहणे आणि त्यांवर वाद घालणे तिथे चाले.

१९५२ चा जानेवारी महिना या इतिहासात वेगळा उठून दिसतो. २१ तारखेला काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरीचे उद्घाटन झाले. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. तीनच दिवसांनी, २४ तारखेला, याच शहरात देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. 'बायसिकल थीव्ह्ज' आणि 'मिरॅकल इन मिलान' यांसारखे इटालियन चित्रपट मुंबईने पाहिले. स्टुडिओबाहेर, रस्त्यावर, अनोळखी चेहरे घेऊनही चित्रपट होतो, हे तरुण प्रेक्षकाला पडद्यावरच दिसले. ही गोडी टिकवली ती फिल्म सोसायट्यांनी. १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने मराठी मध्यमवर्गातल्या मुलामुलींना जागतिक सिनेमाशी जोडले. चित्रपट पाहायचा आणि नंतर थांबून त्यावर बोलायचे, ही शिस्त तिथली.

जहांगीरचे महत्त्व तिथे लागलेल्या चित्रांइतकेच तिच्या उघड्या दारात आहे. आत जायला तिकीट नाही. चर्चगेट किंवा बोरीबंदरहून ती पायी गाठता येते आणि आसपास कॉलेजे आहेत. खिशात सवलतीचा रेल्वे पास आणि चहापुरते पैसे असलेल्या विद्यार्थ्याला तेवढे पुरे होते. १९६४ पासून गॅलरीतच 'समोवार' हे उपाहारगृह होते. चित्र विकले न गेलेला चित्रकार आणि चित्र विकत घेऊ न शकणारा विद्यार्थी तिथे शेजारी बसत. २०१५ मध्ये ते बंद झाले.

प्रायोगिक नाटकाने मात्र स्वतःच्या इमारतीची वाट पाहिली नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकारांच्या खोल्या, रविशंकर यांची संगीतशाळा आणि नाटकाच्या तालमी एकाच आवारात नांदत होत्या. तालमीला आलेला मुलगा जाता जाता हुसेन किंवा गायतोंडे यांचे काम पाहू शके. नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांनी तर राहत्या इमारतीच्या गच्चीवर 'मेघदूत' हा खुला रंगमंच उभा केला. त्यांच्याकडे शिकलेल्या विजया मेहता यांनी १९६० मध्ये विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदींसह 'रंगायन' ही नाट्यसंस्था सुरू केली.

रंगायन फुटल्यानंतर अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये 'आविष्कार' उभी केली. १९७४ पासून दादर स्टेशनजवळच्या छबिलदास शाळेचे सभागृह तिला मिळाले. दिवसा मुलांची शाळा, संध्याकाळी नाटक. मखमली पडदा नाही, प्रेक्षक आणि नट यांच्यात अंतर नाही, भाडे आणि तिकीट दोन्ही परवडणारे. महेश एलकुंचवारांचे लेखन, सत्यदेव दुबे, अमोल पालेकर आणि जयदेव हट्टंगडी यांचे प्रयोग इथे पाहिलेल्या पिढीला नाटक म्हणजे तीन अंकी दिवाणखाना ही समजूत सोडून द्यावी लागली. पालेकर स्वतः जे.जे.तून चित्रकला शिकून आलेले. दोन कलांमधली ये-जा अशी माणसांतून होत होती. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांचे दादर हे स्टेशन, त्यामुळे डोंबिवलीचा विद्यार्थी आणि गोरेगावची विद्यार्थिनी इथे सारख्याच सोयीने पोहोचत. प्रयोगानंतरची चर्चा गल्लीतल्या बटाटेवड्यापाशी चाले. दोन दशकांच्या आत छबिलदासचे पर्व संपले आणि आविष्कार माहीमच्या पालिका शाळेत गेली: पुन्हा एक शाळाच.

संगीताला तसा निवारा धोबीतलाव भागात मिळाला. सेंट झेवियर्स कॉलेजात १९७३ मध्ये विद्यार्थ्यांनी चालवलेला इंडियन म्युझिक ग्रुप सुरू झाला. ध्वनिमुद्रणांचा संग्रह आणि दर जानेवारीत कॉलेजच्या चौकात होणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या मैफली ही त्याची ओळख. कलाकार ठरवणे, सतरंज्या घालणे, ध्वनिव्यवस्था पाहणे ही सगळी कामे विशीतली मुले करत. शेजारच्या रंगभवनात १९७८ मध्ये पहिली 'जॅझ यात्रा' झाली, तेव्हा आलाप आणि सॅक्सोफोन यांच्यामध्ये एका रस्त्याएवढेच अंतर होते.

विद्यार्थी प्रेक्षक न राहता कर्ता होतो ते आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत. भारतीय विद्या भवन, आय.एन.टी., इप्टा यांच्या स्पर्धांनी अनेक पिढ्या घडवल्या. पावसाळ्यात संहिता ठरते, रिकाम्या वर्गात तालमी होतात, रंगमंचावर मांडायच्या लेव्हल्स टेम्पोतून येतात आणि नेपथ्य लावायला मोजकी मिनिटे मिळतात. अभिनेत्यांची नावे पुढे सर्वांना कळतात, पण प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीताचे मराठीतले कित्येक कसबी लोक याच बॅकस्टेजवर शिकले, हे योगदान कमी लेखू नये. चतुरंग प्रतिष्ठानच्या 'सवाई' स्पर्धेत वर्षभरातल्या इतर स्पर्धांतील पहिल्या क्रमांकाच्या एकांकिका उतरतात. २५ जानेवारीच्या रात्री पडदा उघडतो, 'आवाज कुणाचा' या आरोळ्यांनी नाट्यगृह दणाणते आणि निकाल लागेपर्यंत प्रजासत्ताकदिनाची पहाट झालेली असते. सेट टेम्पोत चढवून मुले पहिल्या लोकलने घरी जातात.