बोलत्या चेहऱ्याची कुळकथा

मुंबईतल्या मढच्या भाड्याच्या बंगल्यांत मालिकांची शूटिंगं चालतात, आणि दोन सीनच्या मधल्या वेळात तिथल्याच एखाद्या कोपऱ्यात नटाची मुलाखतही उरकली जाते. एक खुर्ची, मागे कुंडी, छातीपासून वरची चौकट, नजर लेन्सच्या जराशी बाजूला. ही चौकट इतकी सवयीची झाली आहे की तिलाही कूळ असेल असं वाटत नाही.

ते सुरू होतं पॅरिसमध्ये. रसायनशास्त्रज्ञ शेव्रल १८८६ साली शंभरीला पोचले, तेव्हा छायाचित्रकार नादार त्यांच्याशी गप्पा मारत बसले आणि मुलगा पॉल फोटो काढत राहिला. ५ सप्टेंबरच्या सचित्र साप्ताहिकात फोटो आले आणि प्रत्येकाखाली शेव्रल यांचं बोलणं. चेहरा आणि शब्द एकत्र आले; आवाज मात्र नव्हता.

मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १९०१ साली केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागत चित्रित केलं. एवढा विद्वान माणूस पडद्यावर आला तो मुकाच! फिल्मवर आवाज उमटवायची सोय व्हायला अजून पाव शतक होतं.

आवाज आला, पण तो जड यंत्रांच्या ओझ्यासकट. म्हणून १९३५ चा ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा ब्रिटिश माहितीपट मला या कुळातला खरा मूळपुरुष वाटतो. आर्थर एल्टन आणि एडगर अँस्टी यांनी ते सगळं सामान लंडनच्या स्टेपनी भागातल्या कोंदट खोल्यांत नेलं आणि भाडेकरूंनाच बोलायला लावलं. ढेकूण, उंदीर, गळकी छपरं, सगळं त्यांच्याच तोंडून. नुसत्या साहेबाच्या निवेदनाऐवजी गांजलेला माणूस बोलू लागला, हा फरक कुठल्याही नव्या लेन्सपेक्षा मोठा.

आपल्याकडे त्याचं सर्वांत जिवंत रूप मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये दिसलं. एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ मध्ये ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ केला. १५ ऑगस्ट १९४७ ला जन्मलेली मुलं-मुली त्यात देशाबद्दल बोलतात. कुणी स्वप्नं सांगतं, कुणी सरळ वैतागतं. सरकारी संस्थेने हे करू दिलं याचं आजही नवल वाटतं.

तोवर नाग्रासारखे खांद्याला अडकवायचे टेपरेकॉर्डर आले होते. आवाज टेपवर, चित्र फिल्मवर, आणि दोन्ही जुळवायला क्लॅप. सोळा मिलिमीटरची चारशे फुटांची फिल्म साधारण अकरा मिनिटांत संपायची. माणूस रंगात आला की नेमकी तेव्हाच. गंमत म्हणजे २००८ च्या कॅनन फाइव्ह-डी मार्क टू या गाजलेल्या डिजिटल कॅमेऱ्यातही एक क्लिप बाराएक मिनिटांतच थांबायची, कारण फाइलला चार जीबीची मर्यादा. पुढे कित्येक कॅमेरे एकोणतिसाव्या मिनिटाला, एकोणसाठाव्या सेकंदाला बंद पडत. त्यामागे होता युरोपातला जकात नियम: अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड केलं की तो व्हिडिओ कॅमेरा, आणि त्यावर जादा कर. म्हणजे मुलाखत किती वेळ चालावी हे कधी फिल्मच्या डब्याने ठरवलं, कधी कस्टमवाल्याने.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि चौकट घरोघरी गेली. पण त्यात खुर्चीवर बसायचे ते बहुतेक नामवंतच. आता नवा कॅमेरा हातात असेल आणि तुम्ही मढलाच असाल, तर बंगल्यात अडकू नका. तिथल्या कोळणीशी बोला. बंदरावर वारा आणि बोटींच्या इंजिनांचा धडधडाट असतो, तेव्हा महागड्या लेन्सआधी कॉलर माइक आणि त्यावरचं वारा अडवणारं केसाळ टोपण घ्या. कॅमेऱ्याला लागून बसा, प्रश्न संपल्यावर गप्प राहा, आणि घरी आल्यावर कार्ड पुसण्याआधी फुटेजची दुसरी प्रत काढा.